जुना कॉम्प्युटर, दोन ट्यूनरचं कार्ड आणि टीव्हीहेडएंड: आमच्या घरभर चालणारा टीव्ही रेकॉर्डर

आधी निकाल सांगते, कारणं मग. घरात दोन-तीन टीव्ही असतील, बघणं मुख्यतः डीडी फ्री डिशवर होत असेल आणि घरातली माणसं एका वेळी मोकळी होत नसतील, तर अडगळीतल्या कॉम्प्युटरचा रेकॉर्डर जरूर करून घ्या. पैसे मात्र कॉम्प्युटरवर घालू नका. ते ट्यूनर कार्डावर (म्हणजे डिशचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डावर), छतावरच्या केबलवर आणि हार्ड डिस्कवर घाला. हे तीन नीट असले की बाकीचं काम टीव्हीहेडएंड नावाचं फुकट सॉफ्टवेअर इमानेइतबारे करतं. आमच्या घरी ते रोज करतंय.

मी परभणी जिल्ह्यात, सेलूला सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज हे माझं रोजचं काम. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, तेव्हा दुकानातल्या एका मशीनचं काय करायचं हा प्रश्न आला. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, आडवा बारका डबा. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हे मशीन त्यात बसत नाही. लोकांचे बँकेचे कागद हाताळायला अपडेट नसलेलं मशीन ठेवणं मला पटत नाही. भंगारवाला देईल ती रक्कम ऐकवत नाही. मग ते घरी आणलं.

आमचं घर जुनं माळवदाचं, पुढं नव्यानं बांधलेल्या दोन खोल्या आणि वर एक मजला. पुढं मामंजी आणि आत्याबाई, वर आम्ही, मागं भाऊजी आणि जाऊबाई. टीव्ही तीन. सातच्या बातम्यांना मामंजी शेतातून आलेले नसतात, आत्याबाईंचं कीर्तन लागतं तेव्हा त्या देवपूजेत असतात, आणि मी दुकान बंद करून येते तोवर दिवसभराचं सगळं होऊन गेलेलं असतं. ज्याला जे बघायचं ते त्याच्या वेळेला आणि त्याच्या खोलीत दिसावं, एवढीच गरज होती.

जुनं मशीन एवढ्या कामाला पुरेल का, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. आरामात पुरतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ॲनालॉग प्रक्षेपणाच्या काळात टीव्हीचा सिग्नल कॉम्प्युटरला स्वतः डिजिटल करून दाबून बारीक करावा लागे. त्यासाठी जोरदार प्रोसेसर तरी हवा किंवा कार्डावरच एनकोडरची चिप तरी हवी. आता उपग्रहावरून चित्र आधीच एमपेग-२ किंवा एमपेग-४ मध्ये दाबलेलं येतं. रेकॉर्डरनं फक्त आलेला प्रवाह उचलायचा आणि डिस्कवर लिहायचा. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला दोन-अडीच मेगाबिटांचा असतो. मोबाईलवरून यूट्यूबचा एचडी व्हिडिओ बघताना साधारण एवढा किंवा याहून जास्त डेटा जातो. आमच्या मशीनवर चार रेकॉर्डिंग एकदम चालू असली तरी प्रोसेसर जवळजवळ मोकळा बसलेला दिसतो. तासाला साधारण एक जीबी जागा जाते, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर आठ-नऊशे तासांचं रेकॉर्डिंग मावतं.

डिस्क मात्र जुनी ठेवली नाही. सीसीटीव्ही बसवणाऱ्यांच्या दुकानात वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक मिळते. त्या दिवसरात्र लिहिण्यासाठीच बनवलेल्या असतात. तालुक्याच्या गावीसुद्धा सहज मिळतात आणि या कामाला अगदी योग्य आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या लहान एसएसडीवर टाकली की काही बिघडलं तरी रेकॉर्डिंगं सुरक्षित राहतात.

आता कार्ड. इथं चिकटपणा करू नका. मी टीबीएस कंपनीचं ६९०२ घेतलं. ते मदरबोर्डवरच्या लहान पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसतं आणि त्यावर उपग्रहाचा सिग्नल घेणारे दोन ट्यूनर आहेत, डीव्हीबी-एस२ प्रकारचे. कार्डाची किंमत त्या जुन्या कॉम्प्युटरच्या आजच्या किमतीहून जास्त पडते, पण सगळा खेळ त्याच्यावर आहे. ज्या विक्रेत्याकडून मागवलं त्यानं कार्ड बुटक्या डब्यात अडकवायची आखूड धातूची पट्टी पाठवलीच नाही आणि नंतर फोनही उचलला नाही. शेवटी लांब पट्टी आमच्या इथल्या लेथवाल्याकडून कापून घेतली. तुमचा डबा बारका असेल तर पैसे देण्याआधी आखूड पट्टी सोबत आहे ना, एवढं विचारून घ्या.

दोन ट्यूनर म्हणजे एका वेळी दोनच वाहिन्या, असा समज मला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतो. तसं नाही. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरवरून बऱ्याच वाहिन्या एकत्र खाली येतात. ट्रान्सपॉन्डर म्हणजे एसटीची गाडी समजा. ट्यूनर त्या गाडीत चढला की आत बसलेल्या सगळ्या वाहिन्या त्याच्या हाताशी असतात. त्यामुळं एकाच ट्रान्सपॉन्डरवरच्या तीन वाहिन्या रेकॉर्ड करायच्या असतील तर एक ट्यूनर पुरतो, दुसरा दुसऱ्या गाडीसाठी मोकळा. सेट-टॉप बॉक्स ही सोय वापरत नाही, कारण त्याला एका टीव्हीपुरतं बघायचं असतं. टीव्हीहेडएंड ती पुरेपूर वापरतं, आणि कोणता ट्यूनर कोणत्या ट्रान्सपॉन्डरवर लावायचा हे स्वतःच ठरवतं. तिन्ही टीव्हींवर तीन वेगवेगळ्या वाहिन्या चालू आणि मागं दोन रेकॉर्डिंग, असं आमच्याकडं संध्याकाळी नेहमीच असतं. अडचण येते ती तीन वेगळ्या ट्रान्सपॉन्डरांवरचं एकदम हवं असेल तेव्हाच.

छतावरच्या कामाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बरेच जण सॉफ्टवेअरला दोष देतात आणि दुखणं डिशमध्ये असतं. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतं. तो २०१५ च्या नोव्हेंबरात सुटला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. आमच्या भागातून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंच दिसतो. म्हणजे आग्नेयेला जवळ लिंबाचं झाड किंवा शेजाऱ्याची उंच टाकी नसली पाहिजे. दोन ट्यूनरना दोन तोंडांचा एलएनबी, म्हणजे डिशच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग, लावा, ट्विन म्हणून मागा, आणि दोन स्वतंत्र केबली खाली आणा. केबल आरजी-६, आतली तार अख्ख्या तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार स्वस्त मिळते, पण लांब अंतराला आणि पावसाळ्यात फरक दिसतो. बाहेरच्या प्रत्येक जोडाला पाणी न शिरणारी टेप गुंडाळा.

वानरांचं लिहिल्याशिवाय सेलूच्या छताचं वर्णन पुरं होत नाही. टोळी आली की डिशच्या दांड्यावर एखादं बसणारच, आणि दोन-तीन अंशही डिश हलली तर चित्र गेलं. आम्ही डिश कठड्याच्या आतल्या बाजूला, खाली, सिमेंटच्या ओट्यात लोखंडी पाइप रोवून बसवली. उंचावर डिश लावायची काहीच गरज नसते, समोरचं आकाश मोकळं असलं की झालं. त्या पाइपला अर्थिंग द्या. मृगाआधीच्या वळवाच्या विजा आमच्या मराठवाड्यात दरवर्षी माणसं आणि जनावरं घेऊन जातात. आभाळ भरून आलं की मी दोन्ही केबली कार्डापासून सोडवते, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग बुडालं तरी चालेल.

डिश नीट लागली आहे का, हे टीव्हीहेडएंडमध्येच बघता येतं, आणि मला या सॉफ्टवेअरची सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. स्टेटसच्या पानावर प्रत्येक ट्यूनरचा सिग्नल, गोंगाटाशी त्याचं प्रमाण आणि चुकलेल्या तुकड्यांची संख्या सतत दिसत राहते. डिशवाल्याला छतावर उभं केलं, मोबाईलवर ते पान उघडून त्याच्या हातात दिलं, आणि तो एलएनबी किंचित फिरवत गेला तसे आकडे वर चढताना त्यालाच दिसत गेले. सेट-टॉप बॉक्सवर चित्र आलं की काम झालं असं तो धरायचा. इथं चित्र आल्यानंतरही आकडा वाढवता येतो, आणि तो वाढीव आकडाच जुलै-ऑगस्टच्या पावसात उपयोगी पडतो. फ्री डिश ज्या लहरींवर येतं त्या केयू बँडचा सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होणारच, त्याला कुणाचा इलाज नाही. पण आधी काही गाठीला असलं तर भुरभुर पावसात तरी चित्र तुटत नाही. रेकॉर्डिंगच्या यादीतही प्रत्येक फाइलसमोर चुकांचा आकडा असतो, म्हणजे बघायला बसण्याआधीच कळतं की ही फाइल स्वच्छ आहे की फाटलेली.

सॉफ्टवेअर बसवण्याचं थोडक्यात. मशीनवर डेबियन लिनक्स टाकलं, कार्डाचा ड्रायव्हर बांधला, वर टीव्हीहेडएंड. टीबीएसचा हा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ गाभ्याबाहेरचा, म्हणजे कर्नेलबाहेरचा आहे, त्यामुळं कर्नेल बदललं की तो पुन्हा बांधावा लागतो. म्हणून कर्नेलची आपोआप होणारी अपडेट थांबवून ठेवली आणि ते काम सणवार नसलेल्या दिवशी हातानं करते. टीव्हीहेडएंडला स्वतःचा पडदा लागत नाही. घरातल्या कुठल्याही मोबाईलच्या ब्राउझरमध्ये त्या मशीनचा पत्ता आणि पुढं ९९८१ हे पोर्ट टाकलं की सगळं समोर येतं. कॉम्प्युटरला ना मॉनिटर, ना कीबोर्ड.

पहिल्यांदा बसवणाऱ्याला हे पान बुजवतं, हे खरं. एवढे टॅब, एवढे रकाने, आणि सगळं इंग्रजी तांत्रिक भाषेत. क्रम लक्षात ठेवला की वाट सापडते: आधी नेटवर्क, मग त्यातले ट्रान्सपॉन्डर, मग स्कॅन, मग सापडलेल्या सेवांच्या वाहिन्या करणं. एलएनबीच्या जागी युनिव्हर्सल निवडा. पहिला ट्रान्सपॉन्डर हातानं टाकताना एक खाचखळगा आहे. डिशवाले वारंवारता ११०९०, उभं ध्रुवीकरण, सिम्बॉल रेट २९५०० असं सांगतात, आणि सेट-टॉप बॉक्समध्ये ते तसंच टाकतात. टीव्हीहेडएंडला वारंवारता किलोहर्ट्झमध्ये आणि सिम्बॉल रेट सेकंदाच्या हिशेबात लागतो. म्हणजे ११०९०००० आणि २९५०००००, दोन्हींपुढं तीन-तीन शून्यं जास्त. ती टाकली नाहीत तर स्कॅन कोरडंच परत येतं.

कार्यक्रमांच्या वेळापत्रकावर मी विसंबत नाही. वाहिनीसोबत येणारं वेळापत्रक कधी अर्धवट असतं, कधी घड्याळाशी जुळत नाही. त्याऐवजी वेळेची रेकॉर्डिंगं लावते: सह्याद्री, रोज, ६ वाजून ५८ मिनिटांपासून ७ वाजून ३५ पर्यंत. आधी-नंतर दोन-चार मिनिटं जास्त धरली की सुरुवात किंवा शेवट कापला जात नाही. बातम्या आठ दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. कीर्तनं आणि शेतीचे कार्यक्रम राहू देते.

आता घरातल्या माणसांचं, कारण हे सगळं त्यांच्यासाठी. मामंजींची कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती. डीडी किसान आणि सह्याद्रीवरचे शेतीचे कार्यक्रम ते आधीपासून बघत, पण बघून झाल्यावर कायम एक तक्रार असायची. औषधाचं नाव आणि प्रमाण पडद्यावर येतं, ते दोन ओळी वाचेपर्यंत निघून जातं. एका कार्यक्रमात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची माहिती होती. नजर ठेवायला हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे, ते किती उंचीवर, रोज किती पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, असं सगळं पटापट येऊन गेलं. त्यांनी मला हाक मारली. "सुनबाई, ते आता काय सांगायले होते, ते मागं ने बरं." मी मागं नेलं आणि पडदा थांबवला. त्यांनी चष्मा लावला, कोनाड्यातली वही काढली आणि टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल ओढून एकेक ओळ उतरवून घेतली. पडदा तसाच थांबलेला, मागं शेतात उभे असलेले तज्ज्ञ हात वर केलेल्या स्थितीत. पूर्ण उतरवून झाल्यावर म्हणाले, "आता जाऊ दे पुढं." तेव्हापासून ते स्वतःच थांबवतात. वहीची पानं भरत चालली आहेत, आणि शेजारच्या शेतातले दोघं-तिघं रविवारी आमच्याकडं मागचे कार्यक्रम बघायला येतात.

आत्याबाईंचं वेगळं. आषाढी एकादशीला पंढरपूरची शासकीय महापूजा मध्यरात्र उलटल्यावर, पहाटे होते आणि दूरदर्शन ती थेट दाखवतं. त्यांना गुडघ्यांमुळं वारीला जाता येत नाही आणि त्या वेळेला जागं राहणंही आता झेपत नाही. ती रात्रभर रेकॉर्डिंगला लावली. सकाळी आंघोळ करून, उपवासाच्या दिवशी, टीव्हीसमोर पाट मांडून त्या पूजा बघायला बसल्या. अभिषेक चालू असताना हात जोडलेले. वरच्या मजल्यावर त्याच वेळी लेकरं त्याच रेकॉर्डिंगमधलं दुसरंच काहीतरी बघत होती, आणि मागच्या खोलीत जाऊबाईंनी ते सुरुवातीपासून लावलं होतं. एक फाइल, तीन पडदे, कुणाचं कुणाला अडत नाही. घरभराचा रेकॉर्डर म्हणजे हेच.

भाऊजी क्रिकेटवाले. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, त्यामुळं भारताचे बरेच सामने फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला येतात. टीव्हीहेडएंडमध्ये टाइमशिफ्ट चालू केलं की चालू सामनाही मागं नेता येतो. विकेट पडली तेव्हा ते गाईला चारा टाकत असतील, तर आल्यावर मागं नेऊन बघतात आणि मग हळूहळू चालू सामन्याला गाठतात.

टीव्हींना काय जोडायचं, हे नीट निवडा. पुढच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, त्यावर लिब्रेलेक ही सिस्टिम. चालू झालं की थेट कोडी हे टीव्ही बघण्याचं सॉफ्टवेअर उघडतं. कोडीमध्ये टीव्हीहेडएंडचं तयार ॲडऑन मिळतं, त्यात पत्ता टाकला की वाहिन्या आणि रेकॉर्डिंगं दोन्ही दिसतात. एचडीएमआयमधून टीव्हीचाच रिमोट चालतो, हा वयस्कर माणसांसाठी फार मोठा फायदा. दुसरा रिमोट हातात दिला असता तर मामंजींनी पहिल्याच दिवशी नको म्हटलं असतं.

मागच्या खोलीत स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स लावला, आणि तिथं बातम्यांच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीकडं बघा म्हणजे फरक कळेल. अक्षरं सरकताना त्यांच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसत. उपग्रहावरचं चित्र एकाआड एक ओळींनी येतं. त्या ओळी जोडण्याचं काम त्या बॉक्सची चिप धड करत नव्हती. कोडीच्या सेटिंगमध्ये हार्डवेअरचं डीकोडिंग बंद केलं आणि डीइंटरलेस, म्हणजे ओळी जोडणं, चालू ठेवलं, तेव्हा पट्टी गुळगुळीत झाली. साध्या दर्जाच्या वाहिनीला तेवढं बळ त्या बॉक्सकडं असतं. टीव्ही लांबून बघणाऱ्याला कदाचित हे जाणवणार नाही, पण जाऊबाईंना रोज खालची पट्टी वाचायची सवय आहे, म्हणून लिहिलं.

घरातलं जोडणं शक्यतो तारेनं करा. माळवदाच्या भिंती दोन-अडीच फुटी, माती-दगडाच्या. वायफाय पुढच्या खोलीत भरपूर आणि मागच्या खोलीत नावालाच. प्रवाह बारीक असला तरी तो अखंड लागतो. भिंतीत भोक पाडून नेटवर्कची केबल एकदा नेली की पुढं बघावं लागत नाही.

लाईटचा विषय आमच्याकडं टाळता येत नाही. कॉम्प्युटर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि इन्व्हर्टरचं बटण यूपीएसच्या बाजूला ठेवा. साध्या बाजूला ठेवलं तर लाईट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू होऊ शकतो. बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, तीही लावून ठेवा. एलएनबीला वीज कार्डातूनच जाते, त्यामुळं घरातले टीव्ही बंद असताना, लाईट गेलेली असतानाही रेकॉर्डिंग चालूच राहतं. इन्व्हर्टरही बसला तर? यासाठी रेकॉर्डिंग टीएस प्रकारातच ठेवा. त्या प्रकारची फाइल मध्येच तुटली तरी तुटेपर्यंतचा भाग बघता येतो. एमपी४ मध्ये असं झालं तर बहुतेक वेळा पूर्ण फाइलच उघडत नाही.

वीजबिलाचा हिशेब साधा आहे. असं मशीन नुसतं चालू असताना ३५ वॉटच्या आसपास घेतं असं धरा. म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला २५. हा खर्च खरा आहे, तो लपवू नये. आम्ही त्या बदल्यात वरच्या मजल्यावरचं महिन्याचं डीटीएच बंद केलं. उन्हाळ्याचं मात्र भान ठेवा. परभणीकडं पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळं मशीन बंद कपाटात किंवा पत्र्याखाली ठेवू नका. आमचं माळवदातल्या कोनाड्यात आहे, तिथं मे महिन्यातही गारवा असतो. चैत्रात एकदा पंखा आणि जाळी ब्लोअरनं साफ करून घेते.

आता ज्यांनी यात पडू नये त्यांच्यासाठी. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या वाहिन्या कूटबद्ध असतात, त्या या कार्डानं रेकॉर्ड होत नाहीत. घरातलं बघणं त्या वाहिन्यांवर किंवा मोबाईलच्या ॲपवर असेल तर हा खर्च वाया जाईल. एकच टीव्ही असेल तर यूएसबी रेकॉर्डिंगचा फ्री डिश बॉक्स घ्या, त्यात पेन ड्राइव्ह लावा, आणि थोडक्या पैशात काम भागवा. तो एका टीव्हीपुरता आहे, रेकॉर्डिंगची यादी ओबडधोबड आहे, पण एका खोलीच्या गरजेला पुरेसा आहे. लिनक्सची अजिबात सवय नसेल आणि विंडोजच ठेवायचं असेल तर नेक्स्टपीव्हीआर हे फुकट सॉफ्टवेअर आहे. फक्त अपडेट नसलेल्या विंडोजवर बँकेची कामं करू नका, ते मशीन निव्वळ रेकॉर्डर म्हणून ठेवा.

दुकानात लोक विचारतात, असं रेकॉर्ड केलेलं चालतं का. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला मोकळीक दिलेली आहे. घरात बघा. गावभर पेन ड्राइव्हवर वाटणं किंवा इंटरनेटवर टाकणं यात येत नाही, आणि म्हणूनच ९९८१ चं पोर्ट घराबाहेर उघडू नका आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी टाका.

एक काम दरवर्षी करावं लागतं. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावानं देते, आणि वर्षाच्या जागा १ एप्रिलपासून बदलतात. काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात, काहींचा ट्रान्सपॉन्डर बदलतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळे ट्रान्सपॉन्डर पुन्हा स्कॅन करा, नव्या सेवा वाहिन्यांना जोडा, आणि गेलेल्या वाहिनीवर लावलेली वेळेची रेकॉर्डिंगं काढून टाका. नाहीतर तो वेळ लागला की टीव्हीहेडएंड नसलेली वाहिनी शोधत बसतं आणि त्यासाठी एक ट्यूनर अडकवून ठेवतं. आत्याबाईंच्या कीर्तनाची वाहिनी तेवढी आधी तपासते, बाकीचं मग.